कडुलिंबाची जांभळी सावली

पहिल्याच दिवशी सरांनी आमच्या सगळ्यांच्या काळ्या रंगाच्या ट्यूबा गोळा केल्या, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि झाकण दाबून बसवलं. "निसर्गात काळा रंग नसतो," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी डोळे मिटले. खाली खताबियाण्याचं दुकान, वर माडीत आमचा चित्रकलेचा वर्ग. खालून फवारणीच्या औषधाचा वास येत होता, वर टर्पेंटाइनचा, आणि त्या दोन वासांच्या मधे बसून हा माणूस मेहकरातल्या लोकांना सांगत होता की काळं काही नसतं. पावसाळ्यात आमच्याकडे वावरात चप्पल रुतली की ती किलोभर माती घेऊन वर येते. ती माती काय गुलाबी असते? मी मनात म्हटलं, उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

सर पुण्याला इम्प्रेशनिझम या चित्रशैलीच्या एका कार्यशाळेला दहा दिवस जाऊन आले होते. तिथून त्यांनी एक प्रमाणपत्र, एक शेंडी आणि 'मला-तुला' आणलं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर होतं, शेंडी मागे रबराने बांधलेली होती, आणि 'मला-तुला' राग येईपर्यंत टिकायचं. एकदा कुणाचा तरी तेलाचा वाडगा त्यांच्या सतरंजीवर लवंडला तेव्हा ते "मले नाही जमत हे असं!" म्हणून ओरडले. तेवढा एकच दिवस ते मला आवडले.

मला तेव्हा त्रेपन्नावं चालू होतं. शाळेत भूगोल शिकवत होते, अजूनही शिकवते. या वयात हे खूळ डोक्यात कशाला शिरलं, असं नवऱ्यासकट सगळ्यांनी विचारलं. कारण साधं होतं. त्या आधीच्या डिसेंबरात बाबा गेले होते. आई तर कधीच गेली होती. डोणगावच्या बाजूला आमचं चार एकर वावर आहे, आणि ते आता सगळं धाकट्या भावाच्या नावे होणार होतं. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात. रजिस्ट्री ऑफिसात जाऊन सही करायची, बाहेर चहा प्यायचा, भावाने साडीचोळी करायची, झालं. माझ्या तिन्ही आत्यांनी तशीच सही केली. जी करत नाही तिचं माहेर सुटतं, हे आमच्याकडे पोरींना चालायला लागल्यापासून माहीत असतं. मीही भावाला सांगून ठेवलं होतं की वर्षश्राद्ध झालं की सही करते. मला वावर नको होतं. मला त्या वावराचं चित्र पाहिजे होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास बाबा पश्चिमेच्या धुऱ्यावर कडुलिंबाखाली तंबाखू मळत बसायचे. धुरा म्हणजे वावराचा बांध. त्या वेळी कपाशीवर जो उजेड यायचा तो मी मोबाइलमध्ये किती वेळा धरून पाहिला. फोटोत तो कावीळ झाल्यासारखा दिसायचा. म्हणून मी वर्गात नाव घातलं. एवढं सरळ कारण कुणालाही पटत नव्हतं, म्हणून मी "वेळ जात नाही" असं सांगत असे आणि ते मात्र सगळ्यांना लगेच पटे.

वर्गात आम्ही सात जण होतो. एका डॉक्टरांची बायको होती. तिला समुद्र सोडून काही काढायचंच नव्हतं. का, तर ती लग्नानंतर एकदा गोव्याला गेली होती. एक निवृत्त इंजिनिअर होते, ते आभाळाची रेघसुद्धा पट्टीने मारत. या सगळ्यांना सरांनी भिंतीवर प्रोजेक्टर लावून कुठल्या तरी परदेशी शेताचं चित्र दाखवलं. लाल फुलं, उंच सरळ झाडं, छत्री घेतलेली बाई. "हे करा." तीन महिने आम्ही ते केलं. मी म्हटलं, "सर, मला आमचं वावर काढायचं आहे." ते म्हणाले, "आधी नजर तयार होऊ द्या, ताई." आणि नजर तयार व्हावी म्हणून ते प्रत्येकाच्या चित्रावर स्वतःचा ब्रश फिरवून जात. शेवटी सातही चित्रांमध्ये एकच बाई एकाच बाजूला वाकलेली होती. गणपतीत त्यांचं प्रदर्शन भरलं. लोक आरतीच्या आधी येऊन चपला शोधत शोधत चित्रं बघून गेले आणि डॉक्टरबाईंनी पेढे वाटले.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती करताना माझ्या जिवावर येतं. तो माणूस जे पाठ करून आला होता त्यातलं बरंचसं खरं होतं. डोळे बारीक करून बघा, पानं दिसेनाशी होतात आणि रंगाचे तुकडे उरतात. रंग कॅनव्हासवर घोटू नका, ठिपका ठेवा आणि हात काढून घ्या. उजेड पिवळा असला की सावली जांभळ्याकडे झुकते. मला हे सगळं थोतांड वाटायचं. मग एका सुट्टीत मी एकटीच डोणगावला गेले, धुऱ्यावर उभी राहिले आणि डोळे बारीक केले. नांगरून ठेवलेली आमची काळी माती पिकल्या जांभळासारखी दिसत होती आणि ढेकळांच्या कडांना निळं होतं. त्रेपन्न वर्षं मी तिला काळी म्हणत आले होते. मला सरांचा फार राग आला.

नोव्हेंबरात मी रविवारी तिथे जायला लागले. सुताराकडून सागवानी तीन पायांचं स्टँड करून घेतलं होतं. नवरा स्कूटरवर सोडायचा आणि स्वतः मित्राकडे डोणगावात चहाला जायचा. दक्षिणेच्या धुऱ्यावर मी स्टँड रोवायची, वर काळी छत्री बांधायची. समोर वावर, डावीकडे पश्चिमेला तो कडुलिंब. अर्ध्यात कपाशी फुटलेली, तिच्यात तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांवर आलेल्या, आणि उरलेल्या अर्ध्यात सोयाबीन काढून हरभरा पेरलेला. सर म्हणत, उजेड पळतो, म्हणून रोज त्याच वेळी, त्याच जागी उभं राहायचं. माझी जागा चुकू नये म्हणून मी तिथे एक खुंटी ठोकली आणि तिला लाल चिंधी बांधली. मग एक डोळा झाकायचा, हात ताठ करून ब्रश उभा धरायचा आणि अंगठ्याने मोजायचं: झाड किती, धुरा किती, आभाळ किती.

आता भूगोलाच्या बाईला हे आधीच कळायला पाहिजे होतं. तीन पायांचं स्टँड, वर छत्री, लाल चिंधीची खुंटी आणि एक डोळा झाकलेलं माणूस, हे आमच्याकडे एकाच कामासाठी वावरात उभं राहतं. ते काम म्हणजे मोजणी. पण माझं लक्ष उजेडावर होतं. शेजारचा वावरवाला पहिल्याच रविवारी धुऱ्यावर येऊन उभा राहिला होता.

"काय चालू हाय, ताई?"

"काम."

"कोनाचं?"

"माझंच."

तो थोडा वेळ कॅनव्हासकडे बघत राहिला आणि निघून गेला. मला बरंच वाटलं. पाच वाजत आले होते आणि हा माणूस माझ्या उजेडात उभा होता.

पहिल्या दोन रविवारी भावजयीने घरून चहा पाठवला. तिसऱ्या रविवारी चहा आला नाही. त्याऐवजी रात्री तिचा फोन आला, इतका गोड की मला कानातून मुंग्या येतील असं वाटलं. "ताई, तुमची तब्येत बरी हाय ना? काही मनात असन तं सांगत जा बरं." मी म्हटलं, मनात हिरवा रंग आहे, तो जमत नाही. तिने फोन कट केला. मला वाटलं रेंज गेली.

चौथ्या रविवारी भाऊ आला. मोटारसायकलवर एकटा आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण मागे त्याने एकाला बसवून आणलं होतं. हा गृहस्थ आमच्या गावातला कामापुरता मामा. कुणाचंही काम असो, हा तहसिलीच्या पायऱ्यांवर हजर. जन्मात स्वतःचं वावर स्वतः पेरलं नाही, पण दुसऱ्यांच्या वावरांचे सगळे गट नंबर तोंडपाठ.

भाऊ उतरला तो सरळ खुंटीजवळ गेला आणि तिला पायाने हलवून पाहिली.

"ताई, हे काय लावलं तू?"

"दिसते तेच. चित्र काढून राह्यली."

"चित्र? महिना होऊन राह्यला, एकाच जागी, एकाच टायमाले? अन् हे खुंटी कायची?"

"माह्या पायाची. जागा चुकते म्हनून."

तो कॅनव्हाससमोर आला. मामाही आला आणि खिशातून चष्मा काढून त्याने तो पुसला. चित्र आता बरंच भरलं होतं. पिवळ्या तुरीच्या खालून, डावीकडच्या कडुलिंबापासून निघून, हरभऱ्यावरून तिरपी जाणारी लांब जांभळी सावली मी त्याच दिवशी जाड रंगाने घातली होती. ओली होती. माझ्या आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"अन् हे रेघ?" भावाने विचारलं.

"सावली हाय."

"कोनाची?"

"लिंबाची. समोर पाह्य ना. पडेल हाय तिथं."

तो समोर पाहीना. त्याच्या नाकासमोर वीस पावलांवर ती सावली पसरलेली होती, तेवढीच लांब, तेवढीच तिरपी. दोघंही कॅनव्हासवर वाकून बघत होते आणि एकानेही मान वर करून वावराकडे पाहिलं नाही. आपलं स्वतःचं वावर! जन्म त्या मातीत घालवलेली माणसं ही.

"सावली काळी राहते," भाऊ म्हणाला. "हे तं जांभळी हाय."

"नकाशात हिस्सा दाखवाले असाच रंग देतेत, भाऊ," मामा म्हणाला.

सरांनी ऐकलं असतं तर त्यांची शेंडी उभी राहिली असती. मला हसू येणार होतं, पण भावाचा चेहरा पाहिला आणि ते आतच राहिलं.

"अर्ध्यात अर्धं पाडलं तू," तो म्हणाला. "बाबाले जाऊन वर्ष नाही झालं, ताई. मले सांगाचं तरी. लोकाइच्या तोंडून आयकाव का मी? महिन्यापासून मले झोप नाही."

तेव्हा मला त्याची दया आली. हा माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. याला मी कडेवर घेऊन याच धुऱ्यावरून फिरवलेलं. मी ब्रश खाली ठेवला आणि शाळेतल्या पोराला समजावते तशी त्याला म्हटलं, "अरे, मले हिस्सा नाही पाहिजे. सही करून देतो म्हटलं ना. मले फक्त हे चित्र पाहिजे. बाबा बसत तिथं, तेवढं मले घरी न्यायचं हाय."

त्याचा चेहरा असा उजळला की तसा मी तो त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "असं म्हन ना मंग!" तो मोठ्याने हसला. मामाच्या पाठीवर त्याने थाप मारली. "मी तं घाबरलोच होतो ना बे! ने ना चित्र, कोन नाही म्हनते? दोन काढ. एक आमच्या हॉलमधी लावू. फक्त मावळता सूर्य काढू नोको बरं, घरात चालत नाही."

"सूर्य नाहीच त्याच्यात."

"मंग तं झालंच. लय मस्त काढलं, ताई." आणि कौतुक म्हणून त्याने बोट पुढे केलं आणि कॅनव्हासवर टेकवलं, बरोबर सावलीत. ओला रंग बोटाला आला. त्याने बोटाकडे पाहिलं आणि जाऊन ते कडुलिंबाच्या खोडाला पुसून आला. बाबा ज्या बाजूला टेकून बसत त्याच बाजूला.

"अन् ताई," तिकडूनच तो म्हणाला, "वर्षश्राद्धाची वाट कायले पाहाची? उद्या सोमवारच हाय. मी गाडी घेऊन येतो मेहकरले. अर्ध्या घंट्याचं काम."

मामाने तर फोन कानाला लावलाही होता. वकिलाशीच बोलत असावा, कारण "हाव, हाव, तयार हाय बाई" असं म्हणत होता.

माणसाच्या मनात काय काय एकदम येतं ते लिहायला फार वेळ लागतो. महिनाभर हा माझा भाऊ मला चोर समजत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, याच्या मनात महिनाभर पौर्णिमाच होती. शेजाऱ्याला त्याने विचारलं, मामाला विचारलं, वकिलाला विचारलं. मेहकर-डोणगाव ते काय अंतर! मला त्याने एक फोन करून "ताई, काय करून राह्यली तू?" एवढं विचारलं नाही. आणि आता जीव भांड्यात पडला तर त्याला बाबांचं श्राद्धही लांबचं वाटायला लागलं. त्याला धुऱ्यावर बहीण दिसलीच नव्हती. आधी मोजणीवाली दिसली आणि मग सही दिसली. मी खाली ठेवलेला ब्रश उचलला.

"उद्या नाही," मी म्हटलं.

"मंग मंगळवारी?"

"मंगळवारीबी नाही. नाही करत मी सही."

तो हसत हसत थांबला. "म्हन्जे खरंच मोजाले आल्ती तू."

"नाही आल्ती," मी म्हटलं. "आता येईन."

त्यानंतर जे व्हायचं ते सगळं झालं. ज्या नातेवाइकांनी बाबा गेले तेव्हा मला फोन केला नव्हता त्यांनी आता केला. एका आत्याने सांगितलं, "आम्ही नाही दिल्या का सह्या?" मी विचारलं, "मग काय मिळालं, आत्या?" ती म्हणाली, "माहेर मिळालं." तिला माहेरी शेवटचं कधी बोलावलं होतं हे मी विचारलं नाही, कारण ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. वर्षश्राद्धाला मी गेले. मला जेवायला वाढलं, पण बस कुणी म्हटलं नाही. पुढच्या भाऊबीजेला मी ताट करून ठेवलं आणि संध्याकाळी त्यातली करंजी नवऱ्याला दिली. तो बिचारा म्हणाला, "एक सही करून टाकायची होती." मी त्याला म्हटलं, करंजी खा.

चित्र मी त्या हिवाळ्यात पूर्ण केलं. सावलीतला तो बोटाचा खळगा मात्र भरला नाही. सरांना दाखवलं. ते बराच वेळ मागे-पुढे झाले, त्यांनी डोळे बारीक केले आणि नेमकं त्या खळग्याकडे बोट दाखवलं. "हा फटकारा बघा सगळ्यांनी! किती मुक्त हात! ताई, हे तुम्हाला जमलं म्हणजे इम्प्रेशनिझम जमला." डॉक्टरबाईंनी वाकून पाहिलं आणि इंजिनिअरांनी पट्टी खाली ठेवली. माझ्या भावाला कलेतली दाद मिळाली ती एवढीच, आणि त्याला ती कळवायची काही सोय उरली नव्हती.

वाटणीचा अर्ज मी केला. दोन पावसाळे गेले आणि मोजणी आली. खरीखुरी तीन पायांची मशीन खुंटीपासून थोड्याच अंतरावर उभी राहिली, वर छत्रीही होती. मोजणीवाल्याने एक डोळा झाकला तेव्हा सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. भावजयीने त्यांना दोनदा चहा आणला, बशीत बिस्किटं घालून. दक्षिणेचा अर्धा माझ्याकडे आला आणि कडुलिंब माझ्या हद्दीत निघाला. उत्तरेचा अर्धा भावाचा. मधे नवा धुरा पडला, आणि तो बराचसा माझ्या चित्रातल्या सावलीसारखाच तिरपा आहे, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

माझा तुकडा आता शेजारचा वावरवाला ठोक्याने, म्हणजे वर्षाचे ठरलेले पैसे देऊन, करतो. तोच, ज्याने मला "कोनाचं काम?" विचारलं होतं. यंदा दिवाळीनंतर त्याचाच फोन आला.

"ताई, भाऊचा निरोप हाय. तुमच्या लिंबाची सावली त्याच्या हरभऱ्यावर पडते म्हन्ते. तितला पट्टा उठून नाही राह्यला. झाड तोडा म्हन्ते, नाही तं तो अर्ज करते."

मी फोन ठेवला आणि खूप हसले. मग रविवारी पाचच्या सुमारास तिथे गेले. स्टँड नेलं नव्हतं, नुसतीच गेले. कडुलिंबाखाली टेकून बसले, तर खोडावर जांभळ्या रंगाचा डाग अजून होता, वाळून दगड झालेला. समोर नव्या धुऱ्यापलीकडे भाऊ उभा होता. केस पांढरे झालेत त्याचे. सावली कुठपर्यंत जाते ते तो पाहत होता. एकदा त्याने डोळ्यांवर हात धरला आणि डोळे बारीक केले, अगदी सर सांगायचे तसे. मग तो तिच्या टोकापर्यंत चालत गेला आणि तिथे मान खाली घालून उभा राहिला. सावली त्याच्या पायांवरून पुढे गेली होती आणि जांभळीच होती. "दिसली का रे आता?" असं विचारायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. त्याने वर पाहिलं नाही आणि मी हाक मारली नाही.